कोस्टाग्वाना : नकाशात नसलेल्या देशाचा इतिहास

जोसेफ कॉनरॅडची ‘नॉस्ट्रोमो’ ही कादंबरी १९०४ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९१७ मध्ये त्याने तिला एक टिपण जोडले. कोस्टाग्वाना या दक्षिण अमेरिकी प्रजासत्ताकाच्या इतिहासासाठी आपण मुख्यतः कोणत्या ग्रंथावर विसंबलो, हे त्यात त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितले आहे. ग्रंथाचे नाव ‘कुशासनाची पन्नास वर्षे’ आणि लेखक डॉन होसे आवेयानोस. हे आवेयानोस इंग्लंड, स्पेन वगैरे दरबारी कोस्टाग्वानाचे वकील होते. त्यांचे पुस्तक कधी छापून बाहेर आलेच नाही, त्यामुळे ते वाचलेला जगात मी एकटाच, असेही कॉनरॅड सांगतो.

यातले काहीच खरे नाही. कोस्टाग्वाना नावाचा देश नाही, आवेयानोस नावाचा मुत्सद्दी नाही आणि ते पुस्तकही नाही. कादंबरीत तर या पुस्तकाची अवस्था आणखी दारुण आहे. दंगलीत छापखाना लुटला जातो आणि छापलेले फर्मे रस्त्यावर उडतात, बंदरातल्या पाण्यावर तरंगतात. बंदुकांत दारूबरोबर ठासण्यासाठीही ते वापरले जातात. देशाचा इतिहास त्याच देशाच्या यादवीत बोळा म्हणून कामी येतो!

साहित्यिक थट्टा म्हणून हे सोडून देता येईल. पण कॉनरॅड कोस्टाग्वाना रचत होता त्याच महिन्यांत दक्षिण अमेरिकेच्या वायव्य टोकाला एक खराखुरा देश जवळजवळ तशाच रीतीने रचला जात होता. त्याचे नाव पनामा. कल्पित देश आणि खरा देश शेजारी ठेवून पाहिले, की देश कशाचा बनतो, कोण बनवतो आणि त्याचा इतिहास कोणाच्या हाती राहतो, हे प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाहीत.

देश रचण्याचे साहित्य

दक्षिण अमेरिकेशी कॉनरॅडची ओळख फारच तुटपुंजी होती. १८७५-७६ च्या सुमारास, विशीही न गाठलेला असताना, तो मार्सेहून निघणाऱ्या फ्रेंच जहाजांवर वेस्ट इंडीजकडे गेला आणि त्या प्रवासात त्या किनाऱ्याला त्याचे पाय ओझरते लागले. चांदीने भरलेला पडाव एकट्याने पळवणाऱ्या माणसाची गोष्ट त्याने तेव्हा ऐकली होती. पुढे पंचवीसेक वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात एका खलाशाच्या आठवणी त्याच्या हाती लागल्या आणि त्यात तीच गोष्ट पुन्हा भेटली. कादंबरीचे बीज एवढेच.

बाकीचा देश त्याने पुस्तकांतून आणि मित्रांकडून जमवला. भूगोल बराचसा एडवर्ड ईस्टविक याच्या व्हेनेझुएलावरील १८६८ च्या पुस्तकातून घेतला. हा ईस्टविक आपल्याला अगदीच परका नाही. तो कंपनी सरकारच्या मुंबई पायदळात होता, सिंधमध्ये राजकीय अधिकारी होता, फारसीचा जाणकार होता. मरे प्रकाशनाचे १८५९ मधले मद्रास आणि मुंबई इलाख्यांचे प्रवासमार्गदर्शकही त्याचेच. सिंध गिळंकृत करण्याच्या इंग्रजी धोरणावर त्याने टीका केली होती. हाच गृहस्थ पुढे व्हेनेझुएलाला गेला तो लंडनच्या एका वित्तसंस्थेचा प्रतिनिधी म्हणून. कर्जाच्या वसुलीची व्यवस्था लावणे हे त्याचे काम. म्हणजे ज्या वर्णनांवरून कॉनरॅडने आपला देश उभा केला, ती मुळात सावकाराच्या माणसाने लिहिलेली होती.

दुसरे पुस्तक जॉर्ज मास्टरमन याचे. हा इंग्रज औषधशास्त्रज्ञ पॅराग्वेच्या लष्करी सेवेत होता. हुकूमशहा लोपेसने त्याला कैदेत टाकून त्याचे हाल केले. कोस्टाग्वानाचा गतकालीन हुकूमशहा गुस्मान बेंतो आणि त्याच्या काळातल्या छळाच्या आठवणी घेऊन जगणारा डॉक्टर मॉनिगॅम यांच्यामागे हे पुस्तक आहे. देकूद, फिदान्झा, बारिओस ही आडनावेही त्यातलीच. बेंतोच्या नावात व्हेनेझुएलाचा सत्ताधीश गुस्मान ब्लांको डोकावतो, वृत्तीत मात्र पॅराग्वेचे फ्रान्सिया आणि लोपेस दिसतात. ‘कोस्टा’ म्हणजे किनारा. ‘ग्वाना’त अनेकांना ‘ग्वानो’ ऐकू येतो. ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांची वाळलेली विष्ठा. एकोणिसाव्या शतकात पेरूची तिजोरी कित्येक वर्षे हे खत विकूनच भरत होती.

तिसरा आधार माणसांचा. स्कॉटिश लेखक कनिंगहॅम ग्रॅहम तरुणपणी दक्षिण अमेरिकेत हिंडलेला. त्याच्यामार्फत कॉनरॅडची ओळख सांतियागो पेरेस त्रियाना या कोलंबियन गृहस्थाशी झाली. माजी राष्ट्राध्यक्षाचा हा मुलगा राजकीय विरोधामुळे देश सोडून आला होता. आवेयानोसचे चित्र रेखाटताना पेरेस त्रियाना डोळ्यांसमोर होता, हे कॉनरॅडने ग्रॅहमला पत्रात कळवले आहे.

आणि चौथा आधार त्याचा स्वतःचा. कॉनरॅड १८५७ साली रशियन साम्राज्यातल्या बेर्दिचेव्हमध्ये एका पोलिश कुटुंबात जन्मला. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने अठराव्या शतकाच्या अखेरीस पोलंड वाटून घेतला होता. त्या नावाचे राज्य नकाशावर उरले नव्हते. स्वातंत्र्याच्या कटात भाग घेतल्याबद्दल त्याच्या वडिलांना हद्दपारी झाली आणि चार वर्षांच्या मुलालाही आईबापांबरोबर व्होलोग्दाला जावे लागले. तो अकरा वर्षांचा असताना वडीलही गेले. लोकांच्या मनात पक्का, पण नकाशात नाही, अशा देशात हा मुलगा वाढला. नकाशात नाही, तरी इतिहास आहे, असा देश त्याला चमत्कारिक वाटण्याचे कारण नव्हते.

कर्जरोख्यांवरची राज्ये

लंडनमध्ये बसून अमेरिका खंडात देश निर्माण करणारा कॉनरॅड पहिला नव्हे. १८२० च्या दशकात स्पेनची सत्ता उखडून नवी प्रजासत्ताके उभी राहत होती आणि त्यांना पैसा हवा होता. ग्रान कोलंबिया, म्हणजे आजचे कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वेडोर आणि पनामा मिळून बोलिव्हारने उभारलेले विशाल प्रजासत्ताक. त्याच्या वतीने फ्रान्सिस्को सेआ याने १८२२ साली लंडनमध्ये सहा टक्के व्याजाने वीस लाख पौंडांचे कर्ज उभे केले. त्याच वर्षी, त्याच बाजारात, त्याच व्याजदराने आणखी एका देशाचे दोन लाख पौंडांचे रोखे विकले गेले. त्या देशाचे नाव होते पोयाइस.

पोयाइस अस्तित्वातच नव्हता. ग्रेगर मॅकग्रेगर या स्कॉटिश सैनिकाने तो कल्पिला होता. व्हेनेझुएलाच्या स्वातंत्र्ययुद्धात हा गृहस्थ खरोखर लढला होता आणि बोलिव्हारच्या नात्यातल्या मुलीशी त्याचे लग्न झाले होते. मध्य अमेरिकेच्या मॉस्किटो किनाऱ्यावरची काही जमीन एका स्थानिक राजाकडून मिळाल्याचा दावा करून त्याने स्वतःला तिथला अधिपती घोषित केले. त्याच्या देशाला राजधानी होती, नोटा होत्या, सैन्यातली पदे होती आणि साडेतीनशेच्या आसपास पानांचे वर्णनपर पुस्तकही होते. दोन जहाजांतून सुमारे अडीचशे माणसे तिकडे गेली, त्यातली बरीच स्कॉटलंडची. जवळचे पौंड देऊन त्यांनी पोयाइसच्या नोटा घेतल्या होत्या. उतरल्यावर समोर जंगल आणि हिवताप. निम्म्याहून अधिक माणसे मेली. मॅकग्रेगरला कधीच शिक्षा झाली नाही. पुढे व्हेनेझुएलाने जुना सेनानी म्हणून त्याला निवृत्तिवेतन दिले आणि १८४५ मध्ये काराकासला तो सन्मानाने दफन झाला.

या प्रकाराकडे नुसती फसवणूक म्हणून पाहिले, तर त्यातला खरा मुद्दा निसटतो. लंडनच्या गुंतवणूकदाराला ग्रान कोलंबिया आणि पोयाइस यांच्यात फरक करता आला नाही, कारण त्याच्यापुढे दोन्ही देश एकाच रूपात येत होते : रोखा, नकाशा, झेंडा आणि एक पुस्तक. आणि बोलिव्हारचा खराखुरा देश तरी किती टिकला? १८१९ मध्ये स्थापन झालेला ग्रान कोलंबिया १८३०-३१ मध्ये फुटला. १७ डिसेंबर १८३० रोजी बोलिव्हार वारला, तेव्हा त्याचे स्वप्न त्याच्या आधीच संपत आले होते. कर्ज मात्र संपले नाही. ते वारस राष्ट्रांत वाटले गेले. देश मेला तरी त्याचा रोखा जिवंत राहतो.

सुलाकोचे स्वातंत्र्य

आता कादंबरीकडे वळू. कोस्टाग्वानाचा पश्चिमेकडचा प्रांत म्हणजे सुलाको. पाठीशी हिमाच्छादित इगेरोता पर्वत, पुढ्यात वारा पडलेले ‘गोल्फो प्लासिदो’ हे आखात. प्रांताचा प्राण म्हणजे सान तोमेची चांदीची खाण. मालक चार्ल्स गूल्ड. जन्माने कोस्टाग्वानाचा, वंशाने इंग्रज. खाण त्याच्या वडिलांच्या गळ्यात सरकारने सक्तीने मारली होती आणि त्या जाचाने ते खचून गेले. मुलगा जिद्दीने ती चालू करतो. भांडवल सान फ्रान्सिस्कोच्या होलरॉयड या धनाढ्याचे. रेल्वे इंग्रज कंपनीची, आगबोटीही इंग्रज कंपनीच्या. आधी धंद्याची घडी बसू दे, म्हणजे तिच्या गरजेपोटी कायदा, सुव्यवस्था आणि मग न्याय आपोआप येईल, अशी गूल्डची श्रद्धा आहे.

मोंतेरो बंधू बंड करतात, गूल्डच्या पैशावर उभे असलेले सरकार कोसळते. तेव्हा पॅरिसहून आलेला मार्तिन देकूद हा चटपटीत तरुण एक कल्पना मांडतो : सुलाको वेगळाच करावा. देकूदला देशभक्तीवर विश्वास नाही; तो आवेयानोसच्या मुलीच्या, अंतोनियाच्या प्रेमात आहे. पण कल्पना लागू पडते. बंदरावरचा इटालियन मुकादम नॉस्ट्रोमो जिवावर उदार होऊन सैन्य परत आणायला जातो आणि ‘पश्चिम प्रजासत्ताक’ जन्माला येते. सरतेशेवटी अमेरिकेची युद्धनौका बंदरात येऊन नव्या झेंड्याला सलामी देते.

देश झाला, त्याची किंमत? बुडाली असे समजल्या गेलेल्या चांदीसह निर्मनुष्य बेटावर अडकलेला देकूद एकटेपणाने खचतो आणि खिशात चांदीच्या चार विटा घालून पाण्यात जातो. नॉस्ट्रोमो उरलेली चांदी गुपचूप आपलीशी करतो. ज्याच्या इमानावर गाव चालले तो माणूस चोर होतो. गूल्ड खाणीशीच संसार मांडतो, त्याची पत्नी एमिलिया एकाकी पडते. आणि डॉक्टर मॉनिगॅम तिला सांगतो, की आर्थिक हितसंबंधांच्या वाढीत शांतता नसते. त्यांचा कायदा सोयीवर उभा असतो. आज बेंतोची क्रूरता लोकांच्या मानेवर जशी बसली होती, तशीच उद्या ही खाण बसेल.

हॉटेलातला देश

कॉनरॅड १९०३ साली ही कादंबरी लिहीत होता आणि ऑगस्ट १९०४ च्या अखेरीस त्याने ती संपवली. या दोन टोकांच्या मधोमध पनामा घडला.

पनामा हा तेव्हा कोलंबियाचा प्रांत. १८४६ च्या तहाने अमेरिकेला संयोगभूमीवरून जाण्या-येण्याचा हक्क मिळाला होता आणि त्या बदल्यात तिथल्या सार्वभौमत्वाची हमी अमेरिकेनेच दिली होती. १८५५ मध्ये रेल्वे झाली. १८८१ मध्ये दे लेसेप्सच्या फ्रेंच कंपनीने कालव्याचे काम सुरू केले. हिवताप, पिवळा ताप आणि दिवाळखोरी यांपुढे ती १८८९ मध्ये कोसळली. १८९९ ते १९०२ या काळात कोलंबिया ‘हजार दिवसांच्या’ यादवीत होरपळला. तीत एक लाखाच्या आसपास माणसे मेल्याचा अंदाज दिला जातो. त्या युद्धाचा शेवट करणारा करार अमेरिकेच्या ‘विस्कॉन्सिन’ या युद्धनौकेवर झाला, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

जानेवारी १९०३ मध्ये हे-एर्रान करार झाला. एक कोटी डॉलर रोख, वर्षाला अडीच लाख डॉलर आणि सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा पट्टा शंभर वर्षांच्या, पुढे वाढवता येणाऱ्या, मुदतीने. अमेरिकी सिनेटने तो मंजूर केला. १२ ऑगस्टला कोलंबियाच्या सिनेटने फेटाळला. सार्वभौमत्वाचा प्रश्न होता, पैशाचाही होता. कालव्याचे अमेरिकेकडून मिळायचे चार कोटी डॉलर फ्रेंच कंपनीच्या खिशात जाणार होते.

या चार कोटींच्या मागे फिलीप ब्युनो-व्हारिया हा फ्रेंच अभियंता होता. कालवा निकाराग्वातून न्यायचा, असा अमेरिकेत जोरदार विचार चालू असताना, १९०२ मध्ये, त्याने प्रत्येक सिनेटरला निकाराग्वाचे एक टपाल तिकीट पाठवले होते. त्यावर धुमसणारा मोमोतोंबो ज्वालामुखी. त्याच वर्षी मे महिन्यात मार्टिनिकवर पेले पर्वताच्या उद्रेकात एक आख्खे शहर जळाले होते, त्यामुळे तिकिटाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. करार फेटाळला गेल्यावर याच ब्युनो-व्हारियाने न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातल्या खोलीत पनामाच्या डॉक्टर मानुएल आमादोर गेरेरो यांच्या हाती नव्या देशाचे सामान ठेवले : स्वातंत्र्याचा जाहीरनामा, संविधानाचा खर्डा, सांकेतिक भाषा. झेंडासुद्धा! तो त्याच्या पत्नीने शिवला होता. पैसे नंतर देण्याचे वचन होते. त्या बदल्यात वॉशिंग्टनमधला पनामाचा वकील म्हणून त्याचीच नेमणूक व्हायची होती. पनामाच्या लोकांनी तो झेंडा मात्र नाकारला. आमादोर यांच्या मुलाने रेखाटलेला, त्यांच्या पत्नी मारिया ओसा यांनी शिवलेला झेंडा वापरला.

२ नोव्हेंबर १९०३ रोजी ‘नॅशव्हिल’ ही अमेरिकी युद्धनौका कोलोनला आली. ३ नोव्हेंबरला तिथेच पाचशेच्या आसपास कोलंबियन सैनिक उतरले. त्यांना रेल्वेने पनामा शहरी जायचे होते. रेल्वे फ्रेंच कंपनीच्या मालकीची, पण कारभार अमेरिकनांच्या हाती. अधीक्षक शेलर याने सेनापतींना अदबीने एका डब्यात बसवले, फौजेसाठी डबे मागून येतील असे सांगितले आणि गाडी सोडून दिली. डबे आले नाहीत. पनामा शहरात सेनापती तोवार आणि आमाया यांना तिथल्याच पलटणीच्या एस्तेबान उएर्तासने अटक केली. कोलंबियाच्या एका गनबोटीने काही तोफगोळे टाकले, त्यात एक चिनी रहिवासी ठार झाला. या स्वातंत्र्ययुद्धातला तो एकमेव मानवी बळी. कोलोनमध्ये अडकलेल्या पलटणीला आठ हजार डॉलर देऊन बोटीवर चढवण्यात आले. ६ नोव्हेंबरला अमेरिकेने नव्या देशाला मान्यता दिली.

१८ नोव्हेंबरला ब्युनो-व्हारियाने पनामाच्या वतीने करारावर सही केली. पट्टा दहा मैलांचा झाला, मुदत ‘कायमची’ झाली. रक्कम तेवढीच राहिली. पनामाचे खरे प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या स्थानकात त्याच रात्री, सही झाल्यानंतर उतरले. पोयाइसकडे झेंडा, नोटा आणि पुस्तक होते, पण मान्यता देणारी युद्धनौका नव्हती. कागदी राज्य आणि राष्ट्र यांच्यात तेवढेच अंतर असते का, असा प्रश्न पडतो.

डिसेंबरच्या अखेरीस ग्रॅहमला लिहिलेल्या पत्रात कॉनरॅडने पनामातल्या या नव्या ‘विजेत्यां’विषयी तिरकस विचारणा केली आहे. ‘नॉस्ट्रोमो’च्या उत्तरार्धावर पनामाची छाया आहे, हे अभ्यासकांनी अनेकदा दाखवले आहे. पण होलरॉयडसारखा माणूस, खाण आणि रेल्वे ही सगळी मांडणी पूर्वार्धातच झालेली होती. घटना नंतर आली, घटनेचे तर्कशास्त्र त्याला आधीच सापडले होते.

डबे जोडले असते तर?

मराठी वाचकाला पर्यायी इतिहासाची गोडी जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ने लावली. विश्वासरावांना लागलेली गोळी नुसती चाटून गेली असती तर? एका गोळीच्या विचलनावर हिंदुस्थानचा इतिहास वळण घेतो. पनामाच्या इतिहासात अशी वळणे हाताला लागतील इतकी स्पष्ट आहेत. ती तपासून पाहू.

शेलरने खरोखरच सगळे डबे जोडले असते, तर? सेनापती फौजेसह पनामा शहरी पोचले असते, कट कदाचित त्या दिवशी मोडला असता. पण ‘नॅशव्हिल’ बंदरात होती, आणखी युद्धनौका वाटेवर होत्या, आणि कोलंबियन फौजा उतरू देऊ नका, असे हुकूम सुटलेले होते. फरक पडला असता तो रक्ताचा आणि काही आठवड्यांचा. इथे कॉनरॅडचे म्हणणे टिकते : हितसंबंध एवढे पक्के असले, की अपघात त्यांची गती बदलतो, दिशा नाही.

ते टपाल तिकीट गेले नसते, तर? कालवा निकाराग्वातून जाण्याची शक्यता खरी होती. मग पनामा कोलंबियाचा एक आडबाजूचा जिल्हा राहिला असता आणि झेंड्याची, पट्ट्याची, मान्यतेची कथा दुसऱ्या भूमीवर घडली असती. जागा बदलली असती, कथा नाही.

पण तिसरे वळण वेगळे आहे. बोगोटाच्या सिनेटने ऑगस्टमध्ये करार मंजूर केला असता, किंवा नोव्हेंबरमध्ये आपल्या करारावर पनामाच्या प्रतिनिधींनी स्वतः सही केली असती, तर? कालवा तरीही झाला असता. १५ ऑगस्ट १९१४ च्या आसपास पहिले जहाजही गेले असते. पण पट्टा सहा मैलांचा असता, मुदत शंभर वर्षांची असती. ‘कायमची’ या एका शब्दाने पुढची कित्येक दशके पनामाचे राजकारण व्यापले. १९०४ च्या पनामाच्या संविधानातच अमेरिकेला देशात कुठेही हस्तक्षेप करण्याचा अधिकार लिहून द्यावा लागला. ९ जानेवारी १९६४ रोजी कालवापट्ट्यात पनामाचा झेंडा लावण्यावरून दंगल झाली, वीसहून अधिक पनामावासी मेले. १९७७ मध्ये तोरिहोस आणि कार्टर यांचे करार झाले आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामाकडे आला.

म्हणून कॉनरॅडशी इथे मतभेद नोंदवावासा वाटतो. कालवा होणार की नाही, हे हितसंबंधांनी ठरवले, हे खरे. कोणत्या अटींवर होणार, हे मात्र टेबलाशी कोण बसले होते त्यावर ठरले. ‘सगळे आधीच ठरलेले असते’ असे म्हणणाऱ्या इतिहासात सही करणारा हात निर्दोष सुटतो. मॉनिगॅमचे निदान बिनचूक आहे, पण सुलाकोच्या लोकांनी करावे काय, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही, कॉनरॅडपाशीही नाही.

चांदीची यादी

त्याचे एक कारण कादंबरीच्या बांधणीतच दिसते. सान तोमेच्या खाणकामगारांच्या तीन वस्त्या आहेत. त्यांना नावे नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी असे आकडे आहेत. डोंगरातून येणारे इंडियन, मोळ्या आणि मुले पाठीवर घेतलेल्या बायका, बंदरातले हमाल यांची दृश्ये कॉनरॅड कळवळ्याने लिहितो, पण त्यांतला कोणी फारसा बोलत नाही. कोस्टाग्वानात विचार करतात ते गूल्ड, देकूद, मॉनिगॅम. क्रांत्या म्हणजे पोरखेळ, सेनापती म्हणजे विदूषक, हा युरोपीय वाचकाचा समज कादंबरी अनेकदा पक्काच करते.

पनामाच्या कालव्यावर हे आकडेच व्यवहारात उतरले. अमेरिकी प्रशासनाने कामगारांच्या दोन याद्या केल्या : सोन्याची आणि चांदीची. सोन्याच्या यादीत मुख्यतः गोरे अमेरिकन, पगार सोन्याच्या चलनात. चांदीच्या यादीत प्रामुख्याने बार्बाडोस, जमैका आणि इतर बेटांवरून आलेले काळे मजूर, पगार स्थानिक चांदीच्या नाण्यांत. पुढे टपालकचेऱ्या, दुकाने, पाण्याचे नळसुद्धा ‘सोने’ आणि ‘चांदी’ असे वेगळे झाले. एकट्या बार्बाडोसहून सुमारे वीस हजार माणसे आली. १९०४ ते १९१४ या काळात रुग्णालयांच्या नोंदींप्रमाणे ५,६०९ माणसे रोगाने आणि अपघाताने मेली. त्यात बहुसंख्य चांदीच्या यादीतली होती. चांदी माणसाचे काय करते हे सांगणारी कादंबरी लंडनमध्ये छापून होत होती, तेव्हा चांदीचा हा अर्थ पनामात नुकता रुजू लागला होता. तो कॉनरॅडच्या कल्पनेपलीकडचा निघाला.

१९२१ मध्ये अमेरिकी सिनेटने थॉमसन-उरुतिया करार मंजूर केल्यावर कोलंबियाला अडीच कोटी डॉलर भरपाई मिळाली. कोस्टाग्वानाची भरपाई मिळायला आणखी वेळ लागला. २००७ मध्ये कोलंबियन कादंबरीकार हुआन गाब्रिएल वास्केस याची ‘कोस्टाग्वानाचा गुप्त इतिहास’ ही कादंबरी आली. तिचा निवेदक होसे आल्तामिरानो हा कोलंबियन माणूस. १९०३ मध्ये लंडनला येऊन त्याने आपली आणि आपल्या देशाची सगळी हकिगत कॉनरॅडला सांगितलेली असते. पुढे ‘नॉस्ट्रोमो’ वाचतो तर त्यात देश आहे, बंड आहे, फुटून निघणे आहे. आपण स्वतः मात्र कुठेच नाही. ज्याची गोष्ट होती, त्यालाच गोष्टीतून पुसून टाकले. आल्तामिरानोही अर्थात कल्पितच. कॉनरॅडने एका नसलेल्या कोलंबियनाचे नसलेले पुस्तक आधार म्हणून दाखवले. शंभर वर्षांनी दुसऱ्या कोलंबियनाने तेच हत्यार उलटे फिरवले.

वास्केसचा आरोप शब्दशः खरा मानायचे कारण नाही. पेरेस त्रियाना हयात होता, लिहिता होता आणि त्याला कोणी लुबाडले नव्हते. पण आरोपातला गाभा खोटा नाही. पनामाचा करार ज्याने लिहिला तो पनामाचा नव्हता, व्हेनेझुएलाचे वर्णन ज्याने केले तो सावकाराचा प्रतिनिधी होता आणि कोस्टाग्वानाचा इतिहास ज्याने लिहिला त्याने तो किनारा जेमतेम पाहिला होता. यांपैकी कॉनरॅडने तेवढी एक गोष्ट केली, जी बाकीच्या दोघांनी केली नाही : आपल्या देशाचा खरा इतिहासकार दुसरा कोणी आहे, आणि त्याचे पुस्तक आपल्यापर्यंत पोचण्याआधीच बंदरात तरंगत गेले, हे त्याने लिहून ठेवले.

आवेयानोसचे ते पुस्तक कोणालाच वाचता येणार नाही. चांदीच्या यादीतल्या माणसांचे तसे झाले नाही. कालवा पुरा होऊन पन्नास वर्षे होत आली, तेव्हा १९६३ मध्ये कालवापट्ट्यात एक निबंधस्पर्धा जाहीर झाली. वेस्ट इंडीजहून आलेल्या जुन्या मजुरांनी आपल्या आठवणी आपल्या हाताने लिहून पाठवायच्या होत्या. शंभरावर म्हाताऱ्यांनी त्या पाठवल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाऊस, सुरुंग, ताप आणि मेलेले सोबती यांच्या हकिगती त्यांत आहेत. त्या पत्रांना ‘कुशासनाची पन्नास वर्षे’ असे नाव कोणी दिले नाही. ती जपून ठेवलेली आहेत आणि वाचता येतात.